मेहुण्याचा उजवा खांदा

अकरा वर्षं जिना उतरून डावीकडे वळणाऱ्या माणसाने पायांना उजवीकडे वळायला शिकवायचं ठरवलं, तर किती दिवस लागतात? एजिदियो कानेपाला सात महिने लागले, आणि ऐन वेळी पायांनी दगा दिला तो दिलाच.

मोलारोत स्टेडियम एकच. दोन बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते, आणि असते तरी दुसरं कुठे बांधायचं यावरून पुढची शंभर वर्षं भांडण चाललं असतं. त्यामुळे एका रविवारी तिथे बंदरावरचे पोर्तुआले फुटबॉल खेळायचे आणि दुसऱ्या रविवारी टेकडीवरचे कास्तेल्लो. जिना उतरलं की समोर भिंत. डावीकडचं दार खालच्यांच्या कपडे बदलायच्या खोलीचं, उजवीकडचं वरच्यांच्या. दारांवर पाट्या नव्हत्या. मोलारोत जन्मलेल्याला पाटी लागत नाही आणि बाहेरून आलेला शिव्या खाऊन शिकतो.

एजिदियो खालचा. बाप बंदरात क्रेनवर, आजा कोळशाच्या बोटींवर, आणि तो स्वतः एकविसाव्या वर्षापासून पोर्तुआलेचा नऊ नंबर. त्या काळी खेळाडूचा कागद क्लबच्या कपाटात असायचा. कागद ज्याच्याकडे, माणूस त्याचा. गेल्या ऑगस्टमध्ये पोर्तुआलेच्या अध्यक्षांनी तो कागद टेकडीला विकून टाकला. एजिदियोला हे कळलं न्हाव्याकडून, अर्धी दाढी झालेली असताना. न्हाव्याने रेडिओवर बातमी ऐकली, वस्तरा पुसला आणि उरलेली अर्धी दाढी केलीच नाही.

"मी कुठे मागितलं होतं?" एजिदियो भेटेल त्याला सांगत सुटला.

"मग बूट खुंटीला टांगायचे होतेस," लोक म्हणाले. बत्तिसाव्या वर्षी बूट टांगून माणसाने खायचं काय, ते मात्र कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याला स्वाभिमान शिकवायला पैसे पडत नाहीत.

बंदरावर गेलेल्या माणसाला शिव्या देत नाहीत. शिव्या आपल्या माणसासाठी असतात. गेलेल्याकडे पाठ करतात. सात महिने पाववालीने त्याला पाव दिला तो पाठमोरी उभी राहून, मागे हात करून. वरचे तरी त्याला जवळ घेतील म्हणाल, तर तेही नाही. गोल केला की टाळ्या वाजवायचे आणि कॉफी प्यायला आपले आपण निघून जायचे. हिवाळ्यातल्या डर्बीच्या, म्हणजे खालच्या-वरच्यांच्या सामन्याच्या, आधी त्याच्या मांडीचा स्नायू ओढला गेला. वरचे म्हणाले नाटक करतोय, खालचे म्हणाले घाबरला. बायकोशी, ओरिएत्ताशी, बोलायची सोय नव्हती, कारण ओरिएत्ताचा सख्खा थोरला भाऊ नेव्हियो हाच पोर्तुआलेचा गोली. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, अकरा वर्षं प्रवासात एकाच खोलीत झोपलेले. आता जिन्यात भेटले तर नेव्हियो मान हलवायचा. पाठ करत नव्हता, एवढंच.

मार्चमधल्या त्या रविवारी परतीची डर्बी होती. कास्तेल्लोची बस फाटकाशी थांबली तेव्हा बाहेर बंदरावरची दोनेकशे माणसं उभी होती. एजिदियो सगळ्यांच्या शेवटी उतरला आणि एकही शब्द न बोलता दोनशे माणसं वळली. पाठीच पाठी. त्यातला एक निळा कोट त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या सासूचा, आर्मांदाचा. तो कोट त्यानेच तिला नाताळात घेऊन दिला होता.

बाकीचे खेळाडू रिवाजाप्रमाणे साध्या कपड्यांत गवत बघायला मैदानावर गेले. एजिदियोला कोणाच्या नजरेपुढे उभं राहवेना. बॅग घेऊन तो एकटाच जिना उतरला. डोळ्यांपुढे तो निळा कोट होता. पाय चालत होते, आणि पायांना अकरा वर्षं जे अंगवळणी पडलं होतं तेच त्यांनी केलं. त्याने डावीकडचं दार उघडलं.

टेबलावर नेव्हियो बसला होता, कमरेपर्यंत उघडा. पोर्तुआलेचे डॉक्टर त्याच्या उजव्या खांद्यात सुई टोचत होते. सुई काढून ते म्हणाले, "आता उचल." नेव्हियोने हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. नेव्हियोने दात आवळले, कपाळावर घाम आला, पण हात तसूभरही वर जाईना.

मग त्याला दारातला माणूस दिसला.

"जिदो," तो म्हणाला, "दार लाव."

शहाण्या माणसाने दार बाहेरून लावलं असतं. एजिदियोने आतून लावलं.

"कधी झालं हे?"

"बुधवारी. सरावात खांबावर आदळलो."

"मग खेळतोस कशाला, वेड्या?"

"आज उभा राहिलो तर दोन वर्षांचा करार. अध्यक्षांनी शब्द दिलाय. नाही राहिलो तर जूनमध्ये रामराम. पस्तिशीचा गोली, त्यात मोडका खांदा. पोती उचलायलाही कोणी घ्यायचं नाही मला."

"अध्यक्षांना माहीत आहे?"

"डॉक्टरांना माहीत आहे. मला माहीत आहे. आता तुला."

"मला काहीही माहीत नाही," डॉक्टर कापूस गोळा करत म्हणाले.

नेव्हियोने मेहुण्याकडे सरळ बघितलं. "काय बघितलंस तू?"

"काही नाही."

"ओरिएत्ताची शपथ?"

"ओरिएत्ताची शपथ."

एजिदियो बाहेर आला तर समोर पास्तोरिनो. हा पास्तोरिनो कास्तेल्लोचे कपडे, बूट आणि गावभरच्या चहाड्या सांभाळायचा. हातात धुतलेल्या मोज्यांची टोपली. त्याने दाराकडे बघितलं, मग एजिदियोकडे, मग पुन्हा दाराकडे.

"चुकून गेलो," एजिदियो म्हणाला.

"चुकणारच रे. माहेर ना ते."

पाच मिनिटांत उजवीकडच्या खोलीत सगळ्यांना कळलं. खेळाडू मैदानावरून परतले होते, पण कपडे कोणी बदलत नव्हतं. प्रशिक्षक ओल्चेसे मध्ये उभे होते. त्यांना सगळे मिस्टर म्हणत.

"मिस्टर, सवयीने पाय गेले."

"सवयीने."

"देवाशपथ."

"कानेपा, माझी छप्पन्न वर्षं याच धंद्याच्या आसपास गेली. डर्बीच्या दिवशी त्या दारात माणूस रिकाम्या हाताने जात नाही, गेला तर रिकाम्या हाताने येत नाही. काही देऊन आला असशील तर चालता हो. काही घेऊन आला असशील तर इथे ठेव आणि आमच्यात बस."

एक वाक्य पुरे होतं. नेव्हियोचा उजवा हात उठत नाही. एवढं म्हटलं असतं तर याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं, आज पहिल्यांदा कॉफीला बोलावलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं, हे एजिदियोला कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

"आत कोण होतं?" कर्णधार रावेराने विचारलं.

"कोणी नव्हतं."

"पास्तोरिनो म्हणतो बोलण्याचा आवाज आला."

"मिस्टर, मला आज बसवा," एजिदियो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला खेळवा."

ओल्चेसे हसले. ते हसले की काहीतरी वाईट व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. "बसवू? म्हणजे तू सुटलास. छे. तू नव्वद मिनिटं खेळणार. पेनल्टी मिळाली तर तीही तूच मारणार, नेहमीसारखी. आठ हजार माणसांना बघू दे, तू कोणाचा आहेस ते."

इकडे आड, तिकडे विहीर असं आपण येताजाता म्हणतो. पण आड आणि विहीर यांच्यामध्ये निदान पाय ठेवायला जागा असते. एजिदियोला तेवढीही राहिली नव्हती. चांगला खेळला तर मेहुण्याच्या पोटावर पाय, वाईट खेळला तर विकला गेला, आणि खरं बोलायचं तर शपथ.

सामना अगदीच भिकार झाला. वारा समुद्राकडून येत होता आणि चेंडू कोणाच्याच पायात राहत नव्हता. एजिदियोकडे चेंडू आला की समोरच्या अख्ख्या स्टँडमधल्या माणसांच्या पाठी व्हायच्या, चेंडू गेला की पुन्हा तोंडं. नेव्हियो सगळं डाव्या हाताने निभावत होता. उंच चेंडू तो डाव्या मुठीने ठोसायचा, खालचा पायाने तटवायचा. उजव्या बाजूला एकदा चेंडू खांबाला घासून बाहेर गेला तेव्हा तो नुसता बघत उभा राहिला. लोक म्हणाले, काय नजर आहे, बाहेर जाणार हे ओळखलं. एजिदियोने मान खाली घातली.

मध्यंतरानंतर एकदा त्याला चेंडू मिळाला, समोर फक्त नेव्हियो. त्याने सरळ त्याच्या अंगावर मारला. ते मुद्दाम केलं का, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मागून रावेराचा आवाज आला, "शाबास, जावईबापू."

तो शब्द त्याला झोंबला. सात महिने तो निमूटपणे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता. खालच्यांनी विकलं, वरच्यांनी विकत घेतलं, आणि विकाऊ कोण, तर तो. त्याला नेव्हियोचाही राग आला. ज्याला आपल्या हातांनी गोल नीट राखता येत नाही त्याने दुसऱ्याच्या गळ्यात आपलं गुपित का बांधावं? राग खोटा होता, त्याला कळत होतं. दार तर त्यानेच उघडलं होतं. पण राग काही विचारून येत नाही.

चार मिनिटं उरली असताना बंदराच्या एका बचावपटूने रावेराला चौकटीत पाडलं. पंचांनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. रावेरा उठला, चेंडू उचलला आणि एजिदियोच्या हातात दिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. एजिदियो अकरा वर्षं पेनल्टी एकाच जागी मारत आला होता: गोलीच्या उजव्या हाताला, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, खांबाला लागून. सगळ्या गावाला माहीत होतं. नेव्हियोला तर सगळ्यांत जास्त, कारण सरावात हजारो वेळा त्यानेच ती अडवायचा प्रयत्न केला होता. चेंडू इतका जोरात यायचा की माहीत असूनही दहातल्या दोनच सापडायच्या.

म्हणजे नेहमीसारखी मारली तर मोडक्या खांद्याकडे, आणि बाजू बदलली तर आठ हजार माणसं विचारणार, आजच का बदलली?

त्याने चेंडू ठेवला आणि चार पावलं मागे गेला. नेव्हियो रेषेवर उभा होता. चेहऱ्यावर विनवणी नव्हती, धमकी नव्हती. तो फक्त मेहुण्याच्या डोळ्यांकडे बघत होता. एजिदियोने त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं, आणि टाळताना त्याची नजर गेली ती खांद्यावर.

त्याने स्वतःला सांगितलं, मी जिथे नेहमी मारतो तिथेच मारणार, यात पाप नाही. हे खरं होतं. पण पळायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्या पावलाला त्याला वाटलं, हा हात उठणार नाही, आज गोल नक्की. आणि त्याला आनंद झाला. साधासुधा नाही, उकळ्या फुटाव्यात तसा. सात महिन्यांचं सगळं त्या एका पायात आलं. त्याने आयुष्यात इतक्या जोरात चेंडू मारला नव्हता.

नेव्हियो आधीच झेपावला होता. सगळं अंग उजवीकडे फेकून त्याने तो हात वर नेला, जो अडीच तासांपूर्वी छातीच्या वर जात नव्हता. कसा नेला ते डॉक्टरांनाही नंतर सांगता आलं नाही. चेंडू मनगटावर आदळला आणि खांबावरून बाहेर गेला.

नेव्हियो किंचाळला. ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण बंदराचा सगळा स्टँड त्याहून मोठ्याने ओरडत होता. पोर्तुआलेचे दहाही खेळाडू येऊन त्याच्या अंगावर पडले. एजिदियो सहा पावलांवर उभा होता. त्याने ती किंकाळी ऐकली. स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा नेव्हियोने डावा हात वर केला आणि लोक रडले.

आणि मग ते घडलं ज्याची एजिदियोने स्वप्नातही कल्पना केली नव्हती. खेळ पुन्हा सुरू झाला, चेंडू त्याच्याकडे आला, आणि समोर एकही पाठ दिसली नाही. सगळी तोंडं त्याच्याकडे होती. मग कोणीतरी सुरुवात केली आणि अख्खा स्टँड त्याचं नाव घेऊ लागला. जिदो, जिदो. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. पोरगा आपला होता. सात महिने शत्रूचे कपडे घातले, पण वेळ आली तेव्हा मेहुण्याच्या हातात चेंडू देऊन मोकळा झाला.

सामना शून्य-शून्य सुटला. उजवीकडच्या खोलीचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. त्याची बॅग आणि बूट बाहेर फरशीवर होते. ओल्चेसे तिथून जाताना थांबले. "आपलं उत्तर मिळालं," ते म्हणाले. आठवड्याभरात टेकडीने त्याचा कागद बंदराला परत दिला, एक लिरासुद्धा न घेता. पोर्तुआलेच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रात सांगितलं, की लेकरू घरी आलं. एजिदियोला त्याही वेळी कोणी विचारलं नाही.

सोमवारी दुपारी तो इस्पितळात गेला. नेव्हियोच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हावी होता, पाववाली होती, क्रेनवरचे म्हातारे होते. एकेकाने एजिदियोच्या गालांचे मुके घेतले. पाववालीने त्याच्या हातात गरम फोकाच्चा पावाचं पुडकं कोंबलं आणि म्हणाली, "चुकलं माझं, बाळा." सासू निळ्या कोटात होती. तिने त्याला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ओरिएत्ता खिडकीशी रडत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "घरी एक शब्द बोलला नाहीस, पण मला माहीत होतं."

"ओरिएत्ता, ऐक, मी..."

"सगळे जरा बाहेर जा," नेव्हियो पलंगावरून म्हणाला. "मला जिदोशी बोलायचंय."

सगळे गेले. नेव्हियोचा उजवा हात छातीशी बांधलेला होता. खांद्यातले स्नायू तुटले होते. तो हात आता कमरेच्या वर जाणार नव्हता, कधीच. अध्यक्षांनी शब्द पाळला होता, त्यांच्या पद्धतीने: दोन वर्षांचा करार, तिकिटाच्या खिडकीवर. खांदा त्या झेपेतच मोडला असंच सगळा गाव समजत होता आणि डॉक्टरांना अजूनही काहीही माहीत नव्हतं.

"तू उजवीकडे मारलास," नेव्हियो म्हणाला.

"मी नेहमीच उजवीकडे मारतो."

"ते मला सांगू नकोस. नेहमीसारखी मारली असतीस तर मी काही बोललो नसतो. तू खांद्याकडे बघितलंस, मग मारलीस. मी समोर होतो, जिदो."

एजिदियोला खोटं सुचलं नाही. "हो," तो म्हणाला. "मला आनंद झाला होता. मारताना."

नेव्हियोने डोळे मिटले. "ते दिसलं."

"मी आता बाहेर जातो आणि सांगतो सगळ्यांना. काय व्हायचं ते होऊ दे."

"काय सांगशील? मी खांदा लपवला होता हे? मग ही तिकिटाची खिडकीही गेली. आणि ओरिएत्ताला काय सांगशील? तिच्या शपथेचं काय केलंस ते?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तू काही सांगणार नाहीस. ते मुके घेतील, तू घेऊ द्यायचे. आई जेवायला बोलावेल, तू यायचं. ते म्हणतील माझ्यासाठी केलंस, तू मान हलवायची."

"किती दिवस?"

"मला काय माहीत? मी तुझ्याआधी मेलो तर सुटशील."

मग त्याने बाहेरच्यांना हाक मारली आणि दार उघडलं.

पुढच्या रविवारी आर्मांदाच्या घरी सगळे टेबलाभोवती बसले. तिने जैतून घालून ससा केला होता. नेव्हियोच्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा पडला. त्याने डाव्या हाताने काटा घेतला, मांसात खुपसला, तुकडा ताटभर फिरला. मग त्याने काटा खाली ठेवला आणि ताट एजिदियोपुढे सरकवलं.

"जिदो कापून देईल," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. "आता दर रविवारी तोच देणार. हो की नाही, जिदो?"

"हो," एजिदियो म्हणाला.

ओरिएत्ताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असा जावई मिळायला नशीब लागतं," आर्मांदा म्हणाली आणि रुमालाने डोळे टिपले. एजिदियोने सुरी उचलली. हाडापासून मांस सोडवलं, तुकडे केले आणि ताट परत द्यायला हात पुढे केला.

नेव्हियोने ताट घेतलं नाही. "अजून बारीक," तो म्हणाला.

एजिदियो पुन्हा कापू लागला.